भाऊजी दुसऱ्या मजल्यावर अडकले

माझे थोरले दीर, म्हणजे आमचे भाऊजी, लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली होते तिला त्यांच्या कामात शाफ्ट म्हणतात. कमरेला पट्टा बांधून त्या अंधारात लोंबकळायचं आणि दोर तपासायचे, यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. माणूस अबोल. घरात पाहुणे आले आणि गप्पा लांबल्या की माझ्याकडे बघून हळूच म्हणणार, "शाफ्टमध्ये बरं असतं. तिथे दोरसुद्धा कामापुरतंच बोलतात."

अशा माणसाच्या कंपनीने फतवा काढला. सुरक्षेचा पट्टा शंभर किलोपर्यंतच खात्रीचा, त्यामुळे त्याहून जड माणसाने शाफ्टमध्ये उतरायचं नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे तपासणी. जे त्यात बसणार नाहीत त्यांनी ऑफिसात तक्रारीच्या टेबलावर बसून दिवसभर फोन घ्यायचे. भाऊजींनी फतवा वाचला आणि मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. त्या पोटाची साहेब नेहमी चेष्टा करायचे. आता ती चेष्टा राहिली नव्हती.

"कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काटा आहे. वजन करून या," जाऊबाई म्हणाल्या.

"दुसऱ्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही."

भंगारात निघालेल्या एका लिफ्टचे वजन ओळखणारे सेन्सर त्यांनी घरी आणले. ते जेवणाच्या खुर्चीच्या चारही पायांखाली बसवले, तारा जुन्या लॅपटॉपला जोडल्या आणि अख्खा रविवार खर्चून स्वतःच प्रोग्रॅम लिहिला. जेवायला बसताना वजन, उठताना वजन, मधला फरक म्हणजे खाल्लेलं. शंभराच्या वरचा एकेक किलो म्हणजे एकेक मजला. शंभरावर आले की तळमजला. या सगळ्याला आवाज दिला तोही त्याच भंगार लिफ्टमधल्या बाईचा.

पहिल्या दिवशी भाऊजी बसले. खुर्ची गोड आवाजात म्हणाली, "आठवा मजला."

"बरेच वर जाऊन बसलात की," जाऊबाई म्हणाल्या.

मग घरात ज्याला त्याला बसून बघायचं होतं. सासूबाई बसल्या. पडद्यावर चव्वेचाळीस.

"मी जन्मात चाळिशी ओलांडली नाही."

"आई, यंत्र खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते का?"

जाऊबाई बसल्या. सत्त्याहत्तर. त्या उठून थेट आत गेल्या. त्यानंतर दोन दिवस कोणाशीच बोलल्या नाहीत. मी त्या खुर्चीवर बसलेच नाही. देवाने तेवढी बुद्धी मला दिली, त्याचे उपकार.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातली फोडणी बंद झाली. कोबी उकडलेला, गाजर उकडलेलं, अंडं तर उकडलेलंच असतं. एका जेवणाची हद्द भाऊजींनी यंत्रात भरून ठेवली होती. त्यांनी दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली की खुर्ची म्हणायची, "क्षमतेपेक्षा जास्त भार. कृपया एकाने बाहेर पडावे."

"कोणी बाहेर पडायचं?" सासूबाई विचारायच्या. "घर माझ्या नावावर आहे."

तरी मजले उतरत होते. सातवा, सहावा, पाचवा. एकदा भाऊजी खिसे रिकामे करायला विसरले आणि खुर्चीने त्यांना परत वर चढवलं. मग पक्कड, पाने, टेस्टर, स्क्रूंची पुडी असा ढीग टेबलावर ओतून ते पुन्हा बसले. "एवढं लोखंड अंगावर घेऊन हिंडता आणि दोष माझ्या स्वयंपाकाला," जाऊबाई म्हणाल्या. मी मात्र एक गोष्ट पाहत होते. अलीकडे त्या स्वतःच्या ताटात चमचाभरच वाढून घ्यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "मला भूकच नाही गं."

दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट अडकली. काही केल्या खाली येईना. भाऊजींनी रात्रीचं जेवण सोडलं, चालत कामावर जायला लागले, पाणीसुद्धा खुर्चीवरून उठल्यावर प्यायचे. खुर्ची आपली रोज तेच म्हणायची. तपासणी तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी मला आतल्या खोलीतून त्यांचा आवाज ऐकू आला. डोकावले. बंद फोन कानाला लावून ते भिंतीकडे तोंड करून म्हणत होते, "नमस्कार. आपली तक्रार सांगा." थोडं थांबून, घसा खाकरून, पुन्हा तेच. मी आल्या पावली परत फिरले आणि देवापुढे जरा बसले. एवढा जाडजूड माणूस इतका लहान कधी दिसला नव्हता.

तपासणीला जाऊबाईंनी मला सोबत पाठवलं. "उपाशी माणूस आहे, रस्त्यात कुठे पडायचा."

दवाखाना एका उंच इमारतीत, सहाव्या मजल्यावर. भाऊजींनी बूट काढले, घड्याळ काढलं, खिशातलं लोखंड डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर रचलं आणि डोळे मिटून काट्यावर उभे राहिले.

"त्र्याण्णव," बाई म्हणाल्या. "छान. उतरा."

भाऊजी उतरले. परत चढले. परत त्र्याण्णव.

"मॅडम, तुमचा काटा बिघडलाय."

"कालच तपासून घेतलाय."

"मी दोन मिनिटांत उघडून बघतो." हात ढिगातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेलासुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी तो आधी उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. "काटा जास्त दाखवतो म्हणून रोज कोणी ना कोणी भांडतं. कमी दाखवतो म्हणून भांडणारे तुम्ही पहिलेच. आणि काय हो, डोळे किती खोल गेलेत. जरा जेवत जा." त्यांनी कागदावर सही केली, शिक्का मारला. भाऊजी शाफ्टमध्ये राहिले. पण तोंड असं, की काटा नाही, आपणच बिघडलो.

परत जाताना लिफ्टमध्ये आम्ही सातजण. पाटीवर आठ लिहिलेलं. तरी ती ओरडली, "क्षमतेपेक्षा जास्त भार."

"आठ म्हणतात आणि सातात बोंबलते," एक गृहस्थ वैतागले.

कामाची गोष्ट निघाली तशी भाऊजींना वाचा फुटली. "तसंच असतं, साहेब. सेन्सर लावताना आम्ही खऱ्या वजनावर दहा टक्के वाढवूनच धरतो. दोरावर ताण यायच्या आधी लिफ्ट ओरडायला हवी. हात इतका बसलाय ना, की कुठेही सेन्सर लावायचा म्हटला की दहा टक्के आपोआप…"

तिथे ते थांबले. गृहस्थ वाट बघत होते. मी भाऊजींकडे पाहिलं, त्यांनी वरच्या दिव्याकडे पाहिलं.

"खुर्चीला पण?" मी हळूच विचारलं.

त्यांनी मान डोलावली. शेवटी एकजण बाहेर पडला तेव्हा लिफ्ट हलली. खाली पोचेपर्यंत ते बोटांवर हिशेब करत होते. घरी जायची पावलं मात्र जड झाली होती.

घरी त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. जाऊबाई कोबी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्ही शंभराच्या वर कधी नव्हताच?"

"नव्हतो. पहिल्या दिवशीच तळघरात होतो."

"आणि आम्ही तीन महिने हे असलं खाल्लं."

"हो."

आता काय होतंय म्हणून मी दाराशी सरकले. जाऊबाईंनी पदराला हात पुसले, चांगले सावकाश पुसले.

"मग माझं त्या दिवशीचं खरं किती?"

"सत्तर," भाऊजी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. हवं तर दवाखान्यात जाऊन बघ."

"दुसऱ्याच्या काट्यावर कशाला जाऊ?" असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली, कढई चढवली आणि तेल ओतलं. मोहरी तडतडली. तो आवाज ऐकून सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. "चाळीस," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून सांगतेय. पण मला कोण विचारतंय?"

त्या दिवशी जाऊबाईंनी आधी स्वतःचं ताट भरलं. भाऊजी खाली मान घालून जेवत होते. तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा खुर्ची सवयीने बोलली, "क्षमतेपेक्षा जास्त भार. कृपया एकाने बाहेर पडावे."

"तूच पड, बाई," जाऊबाई म्हणाल्या आणि हात लांब करून त्यांनी वायर ओढली.