मोडनिंबची घोडी

कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं. प्राध्यापकांनी वर्गात टोमणा मारला, मी वही आपटून बाहेर आलो. राग दुपारपर्यंत उतरला, पण परत जायचं कसं, म्हणून गेलो नाही. वर्गातल्या शैलाची भेट मात्र बंद झाली. शेवटच्या दिवशी तिनं मला एक पुस्तक दिलं होतं. "वाच आणि सांग." मोडनिंबच्या एका लेखकाचं, अर्धं घोड्यांवर, अर्धं स्वतःवर.

वाचलं नाही. मधेच कळलं की रविवारी तिला बघायला पुण्याची मंडळी येणार. मग ठरवलं, लेखकाची सही आणून पुस्तक परत द्यायचं. बाकीचं तिनं समजून घ्यावं.

सोलापूरहून पुण्याकडची कुठलीही एस.टी. चालते, फक्त मोडनिंबला थांबते का ते आधी विचारा. उजव्या बाजूला बसू नका, सकाळी ऊन तिकडं नसतं या समजुतीत मी बसलो आणि मोहोळपर्यंत भाजलो. मोहोळला चहा बरा मिळतो. भजी कालची होती.

कंडक्टरनं विचारलं, "मोडनिंबला कुणाकडं?"

"लेखकाकडं."

"घोडीवालं आण्णा व्हय? मग फाट्यावर उतरा. गावात कुनाला लेखक म्हनू नका, म्हाईत न्हाई."

फाट्यापासून मळ्यापर्यंत पायवाट आहे. पाणी बरोबर ठेवा. आण्णा गोठ्यासमोर बसले होते. त्यांनी भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली, मग विचारलं, "वाचलं का पुस्तक?"

"वाचलं. लई आवडलं."

"मग त्यातला घोडा शेवटी कशानं मेला?"

"वय झालं होतं," मी म्हणालो.

"घोडा न्हाई, घोडी हाय. आणि मेली न्हाई. ती बगा."

गोठ्यात एक म्हातारी पांढरी घोडी पेंड खात होती. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"हिचं कळलं," आण्णा म्हणाले. "आता तुमचं घोडं कुटं पेंड खातंय ते सांगा."

मी सांगितलं. शैला, रविवार, पुण्याची मंडळी.

"तिला सांगितलं हे?"

"नाही."

"घर कुटं तिचं?"

"आमच्या मागच्या गल्लीत."

आण्णांनी घोडीपुढं मूठभर पेंड टाकली. मग पेन मागितलं. "तिच्या नावाआधी कुमारी लिहू, का मोकळं सोडू?"

"मोकळं सोडा."

परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं. संध्याकाळी शैला दारातच होती. सही बघून म्हणाली, "घोडी बघितलीस?"

"बघितली. पेंड खात होती."

"आणि पुस्तक वाचलंस?"

वाचलं म्हणणार होतो. "नाही. पण तुला त्या मंडळींनी बघू नये असं मला वाटतं. तेवढ्यासाठी गेलो होतो."

तिनं पुस्तक माझ्या हातात परत दिलं. "तेवढ्यासाठी मोडनिंब कशाला? आधी वाच, मग ये."

"आणि रविवारी?"

"रविवारी ते पोहे खाऊन जातील."

मोडनिंबला जाणाऱ्यांनी पुस्तक वाचून जावं, भाकरी निवांत खाता येते. मी सध्या चाळिसाव्या पानावर आहे. घोडी अजून आलेली नाही.