तीस कॉम्प्युटरवर माझं नाव

पुण्यातली कंपनीतली नोकरी सोडून मी लग्नानंतर नांदेडला आले, तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना वाटलं होतं की ही आता वर्ष-दोन वर्षं घरी बसेल. मी महिनाभरही बसले नाही. राहायला आम्ही विष्णुपुरीला होतो. तिथून शहरातल्या एका कॉलेजात शिकवायला जाऊ लागले आणि पहिल्याच सत्रात दुसऱ्या वर्षाचं प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल माझ्याकडे आलं.

पहिला आठवडा मी नुसती बघत होते. साठ मुलं, दोन बॅचेस, तीस कॉम्प्युटर. जो तो आपलं काम पेनड्राइव्हवर घेऊन यायचा. फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘खरा फायनल’ अशी. एका मुलीचा प्रोग्रॅम काल चालत होता आणि आज चालत नव्हता. मी तिला म्हटलं, कालचा दाखव, दोन्ही शेजारी ठेवून बघू. कालचा तिच्याकडे नव्हताच. कालच्यावरच तिनं आजचं लिहिलं होतं. अर्धा तास आम्ही दोघी तो जुना प्रोग्रॅम आठवत बसलो आणि तो आठवला नाही.

कंपनीत मी चार वर्षं रोज गिट वापरलं होतं. प्रोग्रॅममध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारं हे सॉफ्टवेअर. थोडं काम झालं की कमिट करायचं, म्हणजे इथवरचं काम आपल्या नावानं नोंदवून टाकायचं. पुढे काही बिघडलं तर मागच्या कुठल्याही नोंदीपर्यंत परत जाता येतं. हे मला झोपेतही आलं असतं, त्यामुळे मी सरळ विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले.

सरांनी विचारलं, हे सिलॅबसमध्ये आहे का. मी म्हटलं, नाही, पण मुलांना नोकरीत पहिल्या दिवशी लागणार आहे. ते म्हणाले, जर्नल कागदावरच लागतं, त्यात बदल होणार नाही. मी म्हटलं, जर्नलही करू आणि हेही करू. मग सर म्हणाले, परीक्षेच्या तोंडावर गोंधळ झाला तर जिम्मेदारी तुमची. मी ‘हाव, माझी’ म्हणून बाहेर आले.

लॅब सांभाळणारे मामा लोह्याचे. कॉलेजात सगळे त्यांना मामाच म्हणत, विभागप्रमुखसुद्धा. कोणत्या कॉम्प्युटरचं बटण दोनदा दाबावं लागतं आणि कोणाचा कीबोर्ड पावसाळ्यात रुसतो हे त्यांना तोंडपाठ होतं. मी काय करणार आहे ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, दुपारून इंटरनेट राहत न्हाई,” ते म्हणाले. “तुमचं ते मग कसं चालंल?”

हा प्रश्न केबिनमध्ये कोणी विचारला नव्हता आणि माझ्याही डोक्यात आला नव्हता. पुण्यात राहून, नेट जातं ही गोष्टच मी विसरले होते. पण उपाय अवघड नव्हता. सगळ्यांचं काम जिथे साठवायचं तो सर्व्हर लॅबमध्येच ठेवला तर बाहेरच्या नेटची गरजच नाही. मामांनी स्टोअररूममधून एक जुना कॉम्प्युटर काढला, ब्लोअरनं त्यातली धूळ उडवली, दुसऱ्या एका बंद मशीनची मेमरी काढून त्याला बसवली. तो आम्ही त्यांच्याच टेबलाखाली ठेवला. त्यांनी त्याच्यावर कागद चिकटवला: ‘हात लावू नये’.

मग मी एक कॉम्प्युटर पूर्ण तयार केला. कोड लिहायचा एडिटर, प्रोग्रॅम चालवायचा कंपायलर, गिट. सगळं नीट बसलं का हे पाहायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि कमिट केला. पहिल्यांदा कमिट करताना गिट तुमचं नाव आणि ईमेल विचारतं. मी माझं टाकलं. चाललं. ती आख्खी डिस्क मामांनी जशीच्या तशी उरलेल्या एकोणतीस मशीनवर उतरवली. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मुलं आली तेव्हा सगळ्या स्क्रीन एकसारख्या दिसत होत्या आणि मला स्वतःचा चांगलाच अभिमान वाटत होता.

मुलं लवकर शिकली. त्यांना चार कमांड पुरत होत्या आणि त्या मी फळ्यावर कोपऱ्यात कायमच्या लिहून ठेवल्या. अडलं ते निराळ्याच ठिकाणी. प्रत्येक कमिटबरोबर काय बदललं ते एका ओळीत लिहावं लागतं. मुलं ‘डन’, ‘ओके’ किंवा बोटाला येतील ती अक्षरं लिहीत. कारण विचारलं तर इंग्रजीत वाक्य सुचत नाही म्हणाली. मी सांगितलं, मराठीत लिहा, अक्षरं इंग्रजी चालतील, पण वाक्य तुमचं पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या स्क्रीनवरच्या ओळी बदलल्या. एकानं लिहिलं होतं, शेवटचा आकडा सुटत होता, आता सुटत नाही. दुसऱ्यानं लिहिलं, हे चालतंय पण काहून चालतंय ते कळलं नाही. मला ही दुसरी ओळ फार आवडली आणि मी ती वर्गात वाचून दाखवली.

गिट सुरू केल्यावर चौथ्या आठवड्यात गुण द्यायचे होते. मी सर्व्हर उघडून नोंदींची यादी काढली. पहिलं नाव माझं. दुसरं माझं. मी खाली सरकत गेले, शेकडो नोंदी, आणि प्रत्येकीवर माझंच नाव. साठ मुलांचं महिनाभराचं काम मी एकटीनं केलं होतं.

चूक कुठे झाली हे कळायला क्षणही लागला नाही. डिस्क उतरवली तेव्हा माझं नावही एकोणतीस ठिकाणी उतरलं होतं आणि मुलांना गिटनं परत विचारलंच नव्हतं. मामा शेजारी उभे होते. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “मग आता?” त्यांच्या आवाजात काळजी होती, कारण डिस्क त्यांनी उतरवली होती. मी म्हटलं, मामा, नाव मी टाकलं, तुम्ही नाही.

जुन्या नोंदींवरची नावं बदलता येतात. मी ते गुपचूप केलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण पुन्हा पुन्हा विचार करूनही मला ते पटलं नाही. नोंद बदलू नये म्हणून तर हे सगळं मांडलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही बॅचेसना एकत्र बसवून मी चूक सांगितली आणि ती यादी भिंतीवर दाखवली. मुलं हसली. एक जण म्हणाला, मॅडम, तुम्हाला लई काम पडलं. मीही हसले. गुण कागदावरच्या जर्नलवरून देईन आणि आजपासून प्रत्येकानं आपलं नाव टाकायचं, असं ठरलं. विभागप्रमुखांनाही मीच जाऊन सांगितलं. ते एवढंच म्हणाले, बरं झालं परीक्षेआधी सापडलं.

नाव टाकणं पाच मिनिटांचं काम, असं मी धरून चालले होते. त्याला दोन दिवस लागले. सकाळच्या बॅचनं नावं टाकली आणि दुपारच्या बॅचनं त्याच मशीनवर सकाळच्यांच्या नावानं कमिट केलं. मग मशीनला नाव न देता ज्याच्या त्याच्या फोल्डरला द्यायचं, असं केलं. ते मिटलं तर ईमेलचं निघालं. निम्म्या मुलांचे ईमेल मोबाइलच्या दुकानदारानं काढून दिलेले. पासवर्ड कोणाला माहीत नव्हता. काही पत्ते वडिलांच्या नावाचे, काही चुलत्याच्या.

लोहा तालुक्यातल्या एका गावाहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी होती. पहिल्या आठवड्यात जिचा कालचा प्रोग्रॅम हरवला होता, तीच. कमी बोलायची, एका बोटानं टाइप करायची आणि चूक सापडेपर्यंत उठायची नाही. ती कीबोर्डवर हात ठेवून नुसतीच बसली होती. मी जवळ गेले.

“मॅडम, मेल माझ्या भावाच्या नावानं हाय,” ती म्हणाली. “तेच टाकू का?”

खरं सांगायचं तर आमच्या सर्व्हरला काहीही चाललं असतं. गिट खरंखोटं तपासत नाही, लिहाल ते मानतं. पण पुढे नोकरीचे अर्ज, परीक्षांचे फॉर्म सगळं ह्याच पत्त्यावर येणार होतं. मी म्हटलं, नवा काढ, तुझ्या नावाचा. तिनं सांगितलं, मोबाइल नंबर लागतो आणि नंबर घरात एकच, भावाजवळ. मग कर त्याला फोन, मी म्हटलं, आणि माझा फोन तिला दिला.

ती व्हरांड्यात गेली. दार उघडं होतं, मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. भावानं काहीतरी विचारलं असावं, कारण तिनं एकदा सांगितलं, मग परत सांगितलं. शेवटी म्हणाली, “काम मी करून राहिले, दादा. मग नाव माझंच लागंल ना.”

भाऊ रागावेल असं मला उगाच वाटत होतं. त्यानं मोबाइलवर आलेले ओटीपीचे आकडे कुरकुर न करता वाचून दाखवले आणि, तिनं नंतर सांगितलं त्याप्रमाणे, पासवर्ड कुठंतरी लिहून ठेव, माझ्यासारखा विसरू नको, एवढं बजावलं.

जागेवर येऊन तिनं नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि थांबली. वडिलांचं लावायचं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तुला जसं लिहून घ्यायचं असेल तसं लिही. तिनं थोडा विचार केला. मग वडिलांचं नाव न घालता स्वतःचं नाव आणि आडनाव लिहिलं, आणि पुढच्या कामाला लागली.

त्यानंतर सत्र सुरळीत गेलं. शेवटी चौघाचौघांचे प्रोजेक्ट होते. तिच्या गटात ती आणि तीन मुलं. त्यांनी घेतलेला विषय मला आवडला: गावात कोणत्या गल्लीला नळाचं पाणी कोणत्या दिवशी येणार, हे सांगणारा प्रोग्रॅम. मी उदगीरची आहे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्याची वाट बघणं म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक लातूरच्या एका तंत्रनिकेतनातून आले. वयस्कर, कमी बोलणारे. तिच्या गटाच्या वतीनं एकच मुलगा बोलत होता आणि चांगलं बोलत होता. परीक्षकांनी विचारलं, महिना संपला की गल्ल्यांची पाण्याची पाळी चुकत कशी नाही. त्या मुलानं स्वतःच सांगितलं, “सर, तो भाग तिनं केलाय. तिला विचारा.”

परीक्षकांनी मला विचारलं, हे कळतं का कुठे, कोणी काय केलं ते. मी नोंदी उघडून दिल्या. त्यांनी चष्मा वर करून एकेक ओळ वाचली. पाण्याची पाळी मोजण्याच्या भागावर अकरा नोंदी होत्या, सगळ्या तिच्या नावानं, आणि अकराव्या नोंदीत लिहिलं होतं: एकतीस तारखेला गल्ली सुटत होती, आता सुटत नाही. परीक्षकांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. ती सावकाश बोलली, मध्ये दोनदा थांबली, पण फळ्यावर आकडे मांडून तिनं सगळं समजावलं. त्यांनी त्या मुलालाही त्यानं केलेल्या भागाबद्दल विचारलं आणि त्याला तो येत होता.

चहा घेताना परीक्षक म्हणाले, वीस वर्षं तोंडी परीक्षा घेऊन राहिलो, कोणी केलं हे चेहऱ्यावरून ओळखत होतो, आणि लई वेळा चुकलो असेन. मग म्हणाले, सुट्टीत एकदा लातूरला याल का, आमच्या लॅबमध्येही हे बसवून द्या. मी लगेच हो म्हटलं. मामांनी, कोणी न विचारता, आपणही येतो म्हणून सांगितलं.

उन्हाळ्यात एका सोमवारी आम्ही सकाळच्या बसनं लातूरला गेलो. परीक्षक सरांनी लॅब आधीच झाडून ठेवली होती. त्यांचे कॉम्प्युटर आमच्यापेक्षा जुने होते. मामांनी एकेकाचं झाकण उघडून पाहिलं आणि दोन बाजूला काढले, हे चालायचे न्हाईत म्हणाले, आणि ते बरोबर निघालं. दुपारपर्यंत सर्व्हर उभा राहिला. सरांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढून घेतली आणि वहीत एकेक पायरी लिहून घेतली. एक कमांड त्यांना परत परत चुकत होती. मी हात पुढे केला तर म्हणाले, राहू द्या, मलाच करू द्या. पाचव्या वेळेस जमली.

तीन वाजता त्यांची मुलं आली. सुट्टी असूनही दहा-बारा जण आले होते. सर मला म्हणाले, तुम्हीच सुरू करा. मी म्हटलं, नाही, आता तुम्हाला येतंय. त्यांनी वही उघडली, एकदा वाचली, मिटली आणि फळ्याकडे गेले. मामा आणि मी मागच्या बाकावर बसलो.