बाजरीच्या कोठीतला फोन

जावई माझ्या मुलीला मारायचा. माहेरी बोलते म्हणून तिचा फोन त्यानं दगडावर फोडला. मग मी सोनईच्या दुकानातून एक वापरलेला फोन घेतला आणि संक्रांतीच्या वाणात लपवून तिला दिला. दुकानदार म्हणाला होता, "आजी, ह्याचा आवाज आपोआप कमी-जास्त होतो. गलक्यात मोठा, शांततेत बारीक." मी त्यातलं बारीक तेवढं लक्षात ठेवलं.

तिनं तो बाजरीच्या कोठीत ठेवला. सकाळी जावई डेअरीवर दूध घालायला गेला की मी फोन करायची. घर शांत असायचं. फोन इतका हळू वाजायचा की चुलीपाशी तिलाच ऐकू जायचं, ओट्यावरच्या सासूला नाही.

पुढं तो दूध शेजाऱ्याबरोबर पाठवायला लागला. मुलगी म्हणाली, "आई, शेतीची लाईट धाला येती. आली की तो कुट्टी मशीन लावतो. तवा कर. त्या आवाजात त्याला कायबी ऐकू येत न्हाई."

मलाही पटलं. दहा वाजून गेल्यावर मी फोन लावला. तिकडे भिंतीला लागून मशीन कडबा तोडत होतं. तो आवाज ऐकून फोन कोठीतून बोंबलायला लागला. तेवढ्यात लाईट गेली. मशीन थांबलं, फोन थांबला नाही. हे तिनं मला नंतर सांगितलं.

फोन त्यानं उचलला. "कोण, म्हातारी व्हय? ऐक मग."

त्यानं तो बंद केला नाही. कासऱ्याचे फटके ऐकू आले. भांडी पडली. ती ओरडत होती, मग ओरडायची थांबली. फटके थांबले नाहीत.

मी उसाचा कोयता पिशवीत घातला आणि मिळाली ती जीप धरली.

तो ओट्यावर चहा पीत होता. मुलगी आत जमिनीवर पडलेली. डाव्या कानातून रक्त मानेपर्यंत आलं होतं.

"या सासूबाई. आज फोनवर भागलं न्हाई व्हय?"

मी बशी धरलेल्या मनगटावर कोयता हाणला. हाड मोडलं. तो वाकला तसा दुसरा गुडघ्यावर घातला.

विहीण किंचाळली, "अवो इहीणबाई, जावई हाय तुमचा!"

"म्हनून पाठीनं हानलाय. धार दुसऱ्या बाजूला हाय."

मुलीला आणि तो फोन घेऊन आले. दोन वर्षं झाली. त्याला मारल्याचं मला वाईट वाटत नाही. त्या दिवशी फोन केल्याचं वाटतं.

तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. घरात बारीक वाजणारा फोन तिला ऐकू येईना. त्याच दुकानात जाऊन मी ते आपोआपचं बंद करून घेतलं. आता तो शांत घरातही पूर्ण आवाजात वाजतो. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडते, "अगं, उचल की! कान किटले."

मुलगी धावत नाही. परातीतलं पीठ मळून होतं, हात धुते, मग उचलते.