देवाची उजवी बाजू

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं लोकांचे कागद तपासले. सही तीच आहे का, नाव तेच आहे का, खाडाखोड कुठे लपवलीय, हेच बघत नोकरी संपली आणि सवय अंगाला चिकटून राहिली. घरी आलेलं दूधसुद्धा मी वास घेतल्याशिवाय चुलीवर ठेवू देत नाही. देवाच्या बाबतीतही तसंच. कट्टा या बाजारगावाजवळच्या आमच्या गावात काही अडलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. आमच्या घरचा कौल कायम थोरल्या भावाने लावला, मी देवळाच्या पायरीवर चपला राखत बसायचो. तो गेल्यापासून घरचा कौल बंदच पडला होता.

डाव्या कानाखाली काजूच्या बीएवढी गाठ मला दाढी करताना लागली. त्याच सुमारास सुट्टीत आलेल्या नातीला गालगुंड झालं होतं, तेव्हा मलाही तेच लागलं असं सगळ्यांनी ठरवलं. तिचं दहा दिवसांत उतरलं. माझं दोन वर्षं राहिलं. दुखत नव्हतं, म्हणून मीही लेप लावून गप्प बसलो. शेवटी दाढीचं पातं त्या उंचवट्यावर अडकू लागलं, तेव्हा बायकोने मला जवळजवळ ओढत गोव्याच्या इस्पितळात नेलं.

तिथले डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. सोनोग्राफी झाली, बारीक सुई घालून गाठीतल्या पेशी काढून तपासल्या. डॉक्टर म्हणाले, "काका, हे गालगुंड नव्हे. लाळेच्या ग्रंथीत गाठ आहे. आज ती साधी दिसतेय, पण अशा गाठी वर्षानुवर्षं ठेवल्या तर त्यातल्या काही बिघडतात. काढलेली बरी." मग त्यांनी हेही सांगितलं की चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते, ती सांभाळूनच कापावं लागतं, आणि क्वचित तोंड वाकडं होतं. एवढं ऐकल्यावर पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

एमआरआय करून, ऑपरेशनची तारीख ठरवून, फिल्म घेऊन आम्ही घरी आलो. ती मी खिडकीच्या उजेडात धरली. गाठ उजव्या बाजूला होती! सोबतच्या कागदावर लिहिलं होतं डावी. कागद एक बोलतो आणि नकाशा दुसरं, तेव्हा काय समजायचं ते मला कचेरीने चांगलं शिकवलं होतं. एकतर फिल्म दुसऱ्याच कुणाची, नाहीतर हे लोक माझा चांगला गाल कापणार. विचारावं कुणाला? ज्याला विचारायचं तोच त्यात सामील असेल तर? संशयी माणसाचं दुखणं हे, की तो शेवटपर्यंत विचारत नाही. मी इस्पितळात फोन करून ताप आल्याची थाप मारली आणि ऑपरेशन पुढे ढकललं.

बायकोला खरं कारण सांगितलं नाही. ती मात्र झुरत चालली. माझ्या गाठीची काळजी करता करता स्वतःच्याच डाव्या कानाखाली चाचपत राहायची. एके सकाळी म्हणाली, "माझा आयकू नकात, डॉक्टराचा आयकू नकात. देवाक तरी इचारा." मी लगेच तयार झालो. भक्तीने नव्हे. देवाने नको म्हटलं की हिचं बोलणं मिटेल, एवढाच माझा हिशेब होता.

गुरवाने देवाच्या पाषाणावर भिजवलेल्या दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेक आज तुझ्या पायाकडे इलो आसा. कानाखालची गाठ काढूची काय नाय, तां तूच सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मागून बायको म्हणाली.

बराच वेळ काही हललं नाही. मी गुरवाच्या बोटांवर नजर ठेवून होतो. मग माझ्या डाव्या हाताकडची पाकळी सुटली आणि खाली पडली. मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात गुरव ओरडला, "उजवो दिल्यान!"

मी भडकलो. "माझ्या डोळ्यांदेखत डावी पडली. देवासमोर तरी फिरवाफिरवी करू नका."

त्याला राग आला, पण त्याने आवाज चढवला नाही. "मिया खंय फिरवलंय, भाऊनू? तुमीच फिरा. देवाकडे पाठ करून उभे रवा आणि सांगा, पाकळी खंय पडली ती."

मी वळलो. पाकळी माझ्या उजव्या हाताला होती. आणि समोर बायको उभी होती, हात नेहमीसारखा स्वतःच्या डाव्या कानाखाली. तिचा डावा गाल माझ्या उजवीकडे आला होता.

तेव्हा लख्ख कळलं. फिल्ममधला माणूस माझ्याकडे तोंड करून होता. इतके दिवस मी त्याला पाठमोरा समजून वाचत होतो.

घरी येऊन भिंग काढलं. गाठीच्या कडेला काळ्या पट्टीवर बारीकसं 'एल' हे अक्षर होतं. डाव्याचं. मी ते आधी पाहिलंच नव्हतं. कागद तपासणारा म्हणून मिरवणारा मी, खाली बसलो आणि रडलो. मग बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली, आणि फोन मात्र तिनेच लावला.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी हातात पेन घेऊन विचारलं, "काका, कुठली बाजू?" मी म्हटलं, "माझी डावी. तुमच्याकडून बघाल तर उजवी." ते हसले आणि माझ्या गालावर खूण केली. संमतीचा कागद मी दोनदा वाचला, मग सही केली. डोळे मिटताना मात्र तपासण्यासारखं माझ्या हातात काही उरलं नव्हतं, आणि त्याची भीती वाटली नाही.

गाठ साधीच निघाली. दीड महिना तोंडाचा डावा कोपरा ओघळलेला होता, चहा शर्टावर सांडायचा. मग तो हळूहळू जागेवर आला. अजून मी तपासणीला नेमाने जातो.

ओली पाकळी कधी ना कधी पडणारच, हे मलाही कळतं. पण मला वळून उभं राहायला लावलं ते त्या पाकळीनेच, आणि त्याचे उपकार मी विसरू शकत नाही. परवा नारळ घेऊन देवळात गेलो. गुरवाने विचारलं, "भाऊनू, औंदा काय मागूचा?"

आयुष्यभर मी देवासमोरही कचेरीतली मराठी बोलत आलो. त्या दिवशी तोंडातून आपसूक आलं, "देवाच्या बाजून बरां दिसात, तां."

"व्हय म्हाराजा," मागून बायको म्हणाली.