बर्फातून जाणारी नळी

२००५च्या उन्हाळ्यात, ओंगारच्या आमच्या वसाहतीत दर शुक्रवारी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या गॉलवेहून येणाऱ्या मासेवाल्याने व्हॅनची डिझेलची नळी बर्फाच्या पेटीतून फिरवली. इंजिनातून टाकीत परतणारं डिझेल तापलेलं असतं, ते थंड केलं तर गाडी कमी पिते, असं त्याचं म्हणणं होतं. सांगताना तो नळीवर तळहात ठेवी, पोराचा ताप बघावा तसा.

"बायको म्हणते, आज एका टाकीत जाऊन परत आलास तर ठेव, नाहीतर काढून टाक."

रत्नागिरीहून आलेल्या माझ्या आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "विचार त्याला, बर्फ वितळून मासे नासले तर?"

"ग्रँड आहे, मिसेस, काही होत नाही! मासे संपले की मगच तोटी उघडून डिझेल बर्फातल्या नळीत सोडतो."

पेटीत अजून तीन बांगडे होते आणि रस्त्यावर गिऱ्हाईक नव्हतं. त्याने पेटीकडे पाहिलं, मग तोटीकडे.

आईने कल्ले उघडून पाहिले. "कालचे दिसतायत मेले," ती मला म्हणाली, आणि तिन्ही घेतले.

त्याने खाली वाकून तोटी उघडली.

पुढच्या शुक्रवारी तो आला तेव्हा नळी जागेवर होती.