माझ्या आग्रहाचे चार चमचे

"काका, यांच्या अन्ननळीत अन्न अडकून राहिलंय आणि ते आजचं नाही," घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर म्हणाल्या. बायकोकडे, वसुधाकडे, बघायचं धाडस मला झालं नाही.

आजाराचं नाव अकॅलेशिया. अन्ननळी आणि पोटाच्या मधली झडप गिळताना उघडत नाही, घास वरच तुंबतो. मानपाड्याच्या आमच्या घरात दोन वर्षं आम्ही त्याला पित्त म्हणत होतो. वसुधा घासागणिक पाणी प्यायची, जेवता जेवता उठून बेसिनपाशी जायची. आणि मी कोण? पंगतीत पाहुण्यांच्या तोंडात जिलबी कोंबल्याशिवाय पुढे न सरकणारा. तिचं ताट रिकामं दिसलं की माझा हात भातवाढीकडे जायचा. माझ्या समाधानासाठी तिने किती घास गिळले आणि उलटून टाकले, कोण जाणे.

उपाय होता पोएम. तोंडावाटे दुर्बीण घालून, बाहेरून चिरा न देता, तो घट्ट स्नायू आतून कापतात. आधी दोन दिवस फक्त गाळलेलं पातळ, कारण भूल दिल्यावर अडकलेलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. डॉक्टरांनी हे तीनदा बजावलं.

पोएमच्या आदल्या दुपारी वसुधाच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकलेल्या दिसल्या. मला बघवेना. मऊ भात दुधात कुस्करून चार चमचे भरवले. ती नको म्हणत होती.

सकाळी सिस्टरने विचारलं, काल काय घेतलं? वसुधा म्हणाली, फक्त ताक आणि नारळपाणी. मला सांभाळून घेत होती. स्ट्रेचर थिएटरच्या दारात गेलं तेव्हा माझा धीर सुटला.

"थांबा. मी भात भरवलाय."

पोएम दोन दिवस पुढे गेलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. "वेळेत बोललात," एवढंच म्हणाल्या. त्या दोन शब्दांनी मी आजही दचकून जागा होतो.

झडप आता उघडते. पण अन्ननळीचा घास पुढे ढकलण्याचा जोर परत येणार नाही, म्हणून सावकाश आणि ताठ बसूनच जेवायचं. तिला ठसका लागला की मी हातातला घास खाली ठेवतो. तुमच्या घरी कुणी घासागणिक पाणी पीत असेल, तर आमच्यासारखं पित्त म्हणून सोडून देऊ नका.

परवा तिने अर्धी पोळी संपवली. सवयीने माझा हात पुढे गेला, तो मी मागे घेतला आणि माझ्या ताटाकडे बघत बसलो.

"अहो," ती म्हणाली, "भात वाढा थोडा."

मी वाढला. आणखी घे म्हणालो नाही.