चव्वेचाळिसाव्या वर्षी नापास

कारखान्यातून काढलं त्या दिवशी मी रडले नाही. रडायला आधी काय झालंय ते कळावं लागतं, आणि मला काही कळलंच नव्हतं. एकोणीस वर्षं मी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात चेकिंगला होते. त्या सकाळी नेहमीसारखी डबा घेऊन गेटवर पोचले, तर वॉचमन कागद धरून नावं वाचत होता. ज्यांचं नाव येईल त्यांनी बाजूला उभं राहायचं. मला वाटलं, बोनसची यादी असेल. मी गर्दीत घुसून म्हणाले, "माझं बघा की आधी!"

त्याने बघितलं. होतं.

सुपरवायझर आत ऑफिसात बसलेला काचेतून दिसत होता. दर दिवाळीला ज्याच्या टेबलावर मी फराळाचा डबा ठेवला, तो माणूस उठून बाहेरसुद्धा आला नाही. परदेशातल्या ऑर्डरी थांबल्यात, एवढंच कुणीतरी सांगितलं. मी भरलेला डबा तसाच घेऊन शुक्रवार पेठेतल्या घरी परत आले. दुपारी नवरा शाळेची व्हॅन लावून जेवायला आला, तर मी चप्पलसुद्धा न काढता ओट्याशी उभी होते. "सुट्टी आहे काय आज?" त्याने विचारलं. मी भरलेला डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला.

दोन महिने दुसऱ्या कारखान्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे एकच, वय विचारायचे आणि फोन करतो म्हणायचे. मग एका मोठ्या दवाखान्याच्या भिंतीवर पाटी दिसली. रुग्णसेवेचा एक वर्षाचा कोर्स, दहावी पास, वयाची अट नाही. शेवटचे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले आणि आत जाऊन फॉर्म भरून आले. घरी सांगितलं तेव्हा नवरा आधी हसला. मी हसत नाही असं बघून त्याने फी किती ते विचारलं.

वर्गातल्या पोरी अठरा-एकोणीसच्या. पहिल्या दिवशी त्या मला कुणाची तरी आई समजल्या. शिकवणारी मॅडम सव्वीस वर्षांची, तीही "काकू" म्हणायची. मी तो अपमान गिळला. पण शरीराच्या भागांची ती इंग्रजी नावं काही गिळता येईनात. कांदा चिरताना पाठ करायची, आमटीला उकळी येईपर्यंत विसरायची. चिडचिड इतकी व्हायची, की एकदा वही गच्चीवरून खाली फेकली. मग जिना उतरून मीच उचलून आणली, दुसरं कोण आणणार?

प्रात्यक्षिकात मात्र माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी घातलेल्या चादरीला एक सुरकुती सापडायची नाही. मॅडम पोरींना सांगायच्या, "काकूंचा बेड बघा." डोक्यात हवा जायला एवढं पुरे होतं. लेखी परीक्षा कशीबशी निघाली, आणि प्रात्यक्षिकाला मी छाती काढून गेले.

जखमेवरची पट्टी बदलायची होती. टेबलावर रबराचा पाय, समोर बाहेरून आलेले परीक्षक, मागे भिंतीला टेकून पोरी. मी हात धुतले, मास्क लावला, हातमोजे घातले, निर्जंतुक कापड पसरलं. एकही पायरी चुकली नाही. मग गॉजची घडी उचलली. तिच्या कडेला एक धागा लोंबत होता.

मी मास्क खाली ओढला, गॉज तोंडाशी नेलं आणि धागा दाताने कट्कन तोडला.

मागची एक पोरगी "अय्यो" म्हणाली. मला काही उमगलंच नव्हतं. मी गॉजवरून बोटांची मागची बाजू फिरवली, आणखी कुठे धागा सुटलाय का बघितलं आणि समाधानाने जखमेवर ठेवलं.

"बाई," परीक्षक म्हणाले, "हे काय केलंत तुम्ही?"

"धागा होता सर," मी म्हणाले. वर अभिमानाने!

टॉवेलच्या चेकिंगला गळ्यात कात्री अडकवलेली असते, पण ती वापरतं कोण? कात्री धरायची, कापायचं, सोडायची, तोवर पुढचे दोन टॉवेल अंगावर येऊन पडतात. त्यामुळे आम्ही सगळ्या दात लावायचो. समोरच्या दाताला बारीक खाच पडते. एकोणीस वर्षं दिवसभर जे केलं, ते हाताने माझी परवानगी न घेता केलं होतं. हे डोक्यात शिरलं तेव्हा मी गार पडले. जखमेवर ठेवायचं कापड मी तोंडात घातलं होतं. तो पाय रबराचा होता म्हणून, नाहीतर? घरी येईपर्यंत हा प्रश्न सुटला नाही. माझीच मला भीती वाटायला लागली.

नापास. महिन्याने पुन्हा एक संधी, यावेळी वॉर्डात, खऱ्या पेशंटवर. त्यातही नापास झाले तर वर्ष गेलं, आणि माझ्या वयाला आणखी एक वर्ष उसनं कोण देणार होतं?

मॅडमनी मला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. रोज. "काकू, हात जरा जरी तोंडाकडे वळला तरी मी पहिल्यापासून करायला लावणार," त्या म्हणाल्या. कधीकधी एकच पट्टी सात वेळा. माझी मुलगी शोभेल अशी पोर मला ओरडायची आणि मी ऐकून घ्यायची. तिचा मला राग यायचा आणि तिच्याशिवाय माझं कुणी नाही असंही वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी फोन आला. सुपरवायझर!

"बाई, सोमवारपासून या. ऑर्डर सुरू झाली. दोन लॉट परत आलेत, तुमच्यासारखी नजर नाही हो कुणाची."

वर्षभर मी हेच वाक्य ऐकायला तडफडत होते. स्वप्नात ऐकलं होतं. आणि आता कानात पडलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षं कुठे होती ही माझी नजर?

"जमणार नाही. उद्या परीक्षा आहे."

"पोरीची?"

"माझी," म्हणाले आणि फोन ठेवला. हातातलं पक्कं काम मी लाथाडलं होतं, आणि दुसऱ्या हातात नापासाचा कागद होता. नवरा दारात उभा. त्याने सगळं ऐकलं होतं. "हुच्ची!" तो ओरडला. म्हणजे वेडी. आमच्या घरात खरा राग कानडीतच येतो. मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मला दिलेला पेशंट सांगोल्याकडचा म्हातारा होता. मेंढरं राखणारा. पायात काटा मोडला, अंगात साखर, जखम वर चढत गेलेली. मी तयारी करून स्टुलावर बसले. त्याने मला निरखून बघितलं. केस पिकलेले बघून त्याला बरं वाटलं असावं.

"किती वरसं झाली बाई ह्या कामाला?"

काहीतरी ठोकून द्यायला हवं होतं. तोंडातून खरंच निघालं. "परीक्षा हाय आजोबा माझी. मागच्या टायमाला नापास झालेय."

त्याने पाय झटक्यात पोटाशी ओढून घेतला.

मी हबकले. पेशंट नको म्हणाला तर हात लावता येत नाही, हे मला तोंडपाठ होतं. शेजारी उभ्या परीक्षकांचं पेन कागदावर टेकलं. आठ तासांची ड्यूटी, पगार, चेकिंगचं टेबल, सगळं मी काल माझ्या तोंडाने घालवलं होतं, आणि आज हेही. पुढे केलेले हात मी मागे घेतले.

"नापास झालीस आन् परत आलीस व्हय?" म्हातारा म्हणाला.

"व्हय."

त्याने जखमेकडे बघितलं. "म्या दोन टायमाला पळून गेलो हितनं," तो म्हणाला. "भ्या वाटलं लई. म्हून तर पाय असा झालाय."

आणि त्याने तो पाय, दोन्ही हातांनी उचलून, माझ्यापुढे ठेवला.

"घे. हळू कर."

माझ्या डोळ्यांना धार लागली. हातमोजे घातलेले, पुसता येईना. तशीच वाहू दिली आणि जुनी पट्टी भिजवून सोडवायला घेतली. तो दात-ओठ खाऊन पडून राहिला, पण पाय त्याने हलवला नाही.

पास झाले.